दिवसा बहिरा, रात्री ठणठणीत : बोर्डावर छापलेला ८६६ मेगाहर्ट्झचा अँटेना आणि नॉइज

द्राक्षवाला_दिंडोरी

नमस्कार मंडळी. विषय तांत्रिक आहे, पण इथे रेडिओ आणि पीसीबीवाले (सर्किट बोर्ड काढणारे) बरेच आहेत म्हणून धागा काढतोय.

आमच्या आणि शेजारच्या काही बागांमध्ये पानांवरचा आणि मातीतला ओलावा मोजणारे छोटे लोरा नोड (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारे रेडिओ) लावलेत. डाऊनी रोगाचा अंदाज बांधायला पानांचा ओलावा फार कामाचा. सगळे नोड एकाच रिसीव्हरशी बोलतात. तो पंपाच्या खोलीवर, लोखंडी पाइपाला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पेटीत. आत मी काढलेला १०० बाय ६० मिमीचा बोर्ड आहे, त्याच्या एका कडेला तांब्यातच छापलेला उलट्या एफ आकाराचा अँटेना. पेटी बंद करून व्हीएनएवर (अँटेना तपासायच्या यंत्रावर) पाहिलं तर ८६६ ला रिटर्न लॉस १४ डीबी. म्हणजे मॅचिंगची तक्रार नाही. वीज सोलर पॅनलची, १२ व्होल्टची बॅटरी, आणि मध्ये बाजारातून आणलेलं तयार बक कन्व्हर्टरचं (झपाट्याने उघडझाप करून व्होल्टेज उतरवणारं) चार्जर मॉड्यूल. ते बोर्डाच्या खालीच स्पेसरवर बसवलंय.

त्रास असा की सकाळी ऊन चढलं की दीड किलोमीटरच्या पलीकडचे नोड गायब. दिवेलागणीला सगळे परत हजर, रात्रभर तीन किलोमीटरवरचाही नीट. पॅकेट येत नसताना चिपचा आरएसएसआय, म्हणजे कानावर पडणारी रेडिओ-पातळी, वाचला (वजा आकडा जितका मोठा तितकी शांतता): रात्री -११४ डीबीएम, दुपारी -१०१. बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, स्प्रेडिंग फॅक्टर १२ (लोराचा सगळ्यात संथ पण लांब पोचणारा).

बाहेरचा ५ डीबीआयचा दांडा अँटेना लावू, की पुढे लो नॉइज अँप्लिफायर टाकू? की छापलेल्या अँटेनाचा नादच सोडू?

---

शंकासुर

दुपारी नोड वामकुक्षी घेत असणार. पुण्याहून मागवलेत का? 😀

---

माळरान

मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल बघा. बागेत तारांचं जाळंच असतं, त्यात ८६६ चं काय होत असेल देव जाणे. शिवाय उन्हात नोडमधला क्रिस्टल (फ्रीक्वेन्सी ठरवणारा पार्ट) सरकत असेल.

---

जुना_हॅम

माळरान, मांडवाच्या तारा रात्री कोणी गुंडाळून ठेवत नाही. आणि क्रिस्टल २० पीपीएम (दशलक्षात वीस भाग) सरकला तरी ८६६ ला १७ किलोहर्ट्झ होतात. १२५ च्या चॅनलमध्ये लोरा साधारण पाव बँडविड्थ, म्हणजे ३० किलोहर्ट्झपर्यंतची चूक पोटात घालतो. शिवाय क्रिस्टल सरकला तर रिसीव्हरचा नॉइज का वाढावा? वाढलाय तो नॉइज, आणि तोही १३ डीबी.

दिवस-रात्रीत बदलणारी गोष्ट तुमच्या पेटीत एकच आहे. भर दुपारी पॅनलवर गोणपाट टाका आणि आरएसएसआय वाचा. आकडा खाली आला तर चोर घरातलाच.

अँप्लिफायर आत्ता अजिबात नको. तो नॉइजही तेवढाच फुगवेल आणि वर स्वतःचा घालेल. बाहेरच्या अँटेनाचं नंतर बघू.

---

द्राक्षवाला_दिंडोरी

गोणपाट टाकलं. -१०१ वरून थेट -११३! गोणपाट काढलं, परत -१०१. पॅनलची वायर मॉड्यूलमधून उपटली तरी -११३. बॅटरी तशीच जोडलेली, बाकी सगळं चालू.

हॅमकाका, मानलं. पण मॉड्यूल तर ४०० किलोहर्ट्झला स्विच होतं. ४०० किलो कुठे आणि ८६६ मेगा कुठे? दोन हजारांहून जास्त पट आहे.

---

लेआउटवाली

छान प्रश्न आहे, जरा ऐसपैस लिहिते.

४०० किलोहर्ट्झ ही स्विच किती वेळा उघडझाप करतो त्याची संख्या. अँटेनाला त्रास होतो तो स्विच *किती झटक्यात* उघडतो त्याचा. आजकालचे मॉस्फेट (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर) एक-दोन नॅनोसेकंदांत पलटतात. एक नॅनोसेकंदाची चढण म्हणजे साधारण ३२० मेगाहर्ट्झपर्यंत हार्मोनिक्स (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटी) दशकाला, म्हणजे फ्रीक्वेन्सी दहापट होईतो, २० डीबीने उतरतात आणि तिथून पुढे ४० डीबीने. शून्य कधीच होत नाहीत. दर ४०० किलोहर्ट्झला एक दात असलेला कंगवा आहे हा, ८६६ पर्यंत पोचताना दात झिजलेले असतात इतकंच.

आता झिजलेला दात किती चालतो ते बघा. खोलीच्या तापमानाला नॉइज हर्ट्झमागे -१७४ डीबीएम. १२५ किलोहर्ट्झसाठी त्यात ५१ मिळवा, -१२३. रिसीव्हरचा नॉइज फिगर, म्हणजे त्याची स्वतःची भर, ६ धरला तर -११७. स्प्रेडिंग फॅक्टर १२ ला सिग्नल या पातळीच्या २० डीबी खाली असला तरी लोरा तो उचलतो, म्हणून डेटाशीटवर -१३७ लिहिलेलं असतं. -१३७ डीबीएम ऐकू पाहणाऱ्या यंत्राच्या खाली, बोटभर अंतरावर, काही अँपिअर तोडणारा-जोडणारा स्विच बसवलाय. कोणताही कन्व्हर्टर इथे उघडा पडेल.

आणि मुद्द्याची गोष्ट. ८६६ ची तरंगलांबी ३४६ मिमी, पाव म्हणजे ८७ मिमी. बोर्ड १०० मिमीचा. कडेला छापलेला तो एफ म्हणजे अँटेनाचा अर्धाच भाग. दुसरा अर्धा भाग म्हणजे अख्खा ग्राउंड प्लेन, बोर्डभर पसरलेला तांब्याचा थर. हे छापील अँटेना वापरणारे बहुतेक जण विसरतात. प्लेनवर जो करंट वाहील तो अँटेनावरच वाहतोय असं समजा. मॉड्यूलचा ग्राउंड बोर्डाला जोडलाय, पॅनलची चार-पाच मीटर वायर मॉड्यूलला जोडलीय, म्हणजे वायरसुद्धा अँटेनाचाच भाग झाली. बाहेरचा दांडा लावलात तरी त्याची केबल याच ग्राउंडला जोडणार ना? थोडा फरक पडेल, मूळ दुखणं राहील.

आता मार्ग शोधा. अँटेनाच्या मॅचिंगच्या आधी ट्रॅक तोडून तिथे ५० ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावा (शून्य ओहमची जागा ठेवली असेल तर सोपं). पॅनल उन्हात, मॉड्यूल चालू. आरएसएसआय वाचा. -१०१ च राहिला तर नॉइज सप्लायमधून किंवा बोर्डातल्या बोर्डात रेडिओत शिरतोय, मग डीकपलिंग (सप्लायवरचे कॅपॅसिटर) आणि शील्डचं बघू. -११७ च्या जवळ गेला तर अँटेनाच्या वाटेने येतोय. दोन्हीचे इलाज पूर्ण वेगळे आहेत, म्हणून ही चाचणी केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

---

द्राक्षवाला_दिंडोरी

५० ओहम लावून, पॅनल चालू ठेवून: -११६.

---

लेआउटवाली

म्हणजे रेडिओ आणि त्याचा सप्लाय स्वच्छ आहे. जे येतंय ते अँटेना आणि ग्राउंडच्या वाटेने. शील्डचा डबा आत्ता विसरा.

---

प्रा_अर्धवेळ

चर्चा आवडली. मी मायक्रोस्ट्रिप (छापील) अँटेनावर विद्यार्थ्यांकडून काम करून घेतो, त्या बाजूने दोन शब्द.

छापील अँटेनात नको ते सिग्नल थोपवायच्या रीती अँटेनाच्या भूमितीतच आहेत. ग्राउंडमध्ये डंबेलच्या आकाराची खाच कोरली की ती एलसी (कॉइल-कॅपॅसिटर) सर्किटसारखी वागते आणि ठरावीक पट्टा अडवते. अमेरिकेच्या एफसीसीने २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झचा अल्ट्रा वाइडबँड खुला केला, तेव्हापासून त्या अँटेनांमध्ये ५.१५ ते ५.८२५ चा वाय-फायचा पट्टा कापायला यू आकाराची खाच हा तर नेहमीचा विषय झालाय. शिवाय १९९९ मध्ये सीव्हनपायपरने मांडलेले मशरूमसारखे हाय-इम्पीडन्स पृष्ठभाग. ते पृष्ठभागावरून सरकणाऱ्या लहरी रोखतात. मॉड्यूल आणि अँटेना यांच्यामध्ये असं काही करता येईल का?

---

लेआउटवाली

सर, दोन अडचणी दिसतात. पहिली मापाची. यू खाचेची लांबी साधारण अर्धी तरंगलांबी लागते. एफआर-४ वर (बोर्डाच्या नेहमीच्या फायबरग्लासवर) ५.५ गिगाहर्ट्झला ती १७ मिमीच्या आसपास येते, सहज बसते. ८६६ ला तीच खाच १०६ मिमी. बोर्डच १०० चा. मशरूमचे चौकोन तर याहून जास्त जागा खातात.

दुसरी अडचण मोठी आहे. खाच एक पट्टा कापते. इथे नॉइज नेमका ८६६ लाच आहे, जिथे आपला सिग्नल आहे तिथेच. तो कापायचा तर सिग्नलही कापला जाईल. एकाच फ्रीक्वेन्सीवर बसलेल्या दोघांना फिल्टर वेगळं करू शकत नाही, तो अँटेनाच्या आकारात असो की सुट्ट्या पार्टमध्ये.

---

प्रा_अर्धवेळ

दुसरा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण एक दुरुस्ती सुचवतो: एकाच बोर्डावर दोन छापील अँटेना असतील, समजा २.४ गिगाहर्ट्झचे, तर त्यांच्यामध्ये ग्राउंडच्या कडेला पाव तरंगलांबीची, १८-१९ मिमीची खाच मारून आयसोलेशन चांगलं वाढतं. तिथे या अभ्यासाचा खरा उपयोग आहे. खाच दोघांमधला करंट अडवते, आणि दोन्ही सिग्नल आपलेच असतात.

---

लेआउटवाली

हे अगदी मान्य. मी स्वतः वापरलंय. फक्त त्या खाचेवरून एकही ट्रॅक ओलांडून जाऊ देऊ नका.

---

भोसरी_एमआयडीसी

इतकं सगळं करण्यापेक्षा ग्राउंडच वेगळे करा की. एक रेडिओचा ग्राउंड, एक पॉवरचा ग्राउंड, आणि एका ठिकाणी फेराइट बीडने (वरच्या फ्रीक्वेन्सी अडवणाऱ्या मण्याने) जोडा. आमच्याकडे वीस वर्षं असंच करतात.

---

जुना_हॅम

सुरू झालं. पॉपकॉर्न आणतो.

---

लेआउटवाली

😀 काका, तुम्हीच काडी टाकल्यासारखं करू नका.

भोसरी, ऑडिओ आणि मोजमापाच्या संथ सर्किटमध्ये ते चालत असेल. रेडिओच्या बोर्डावर नको. ग्राउंड कापला की दोन गोष्टी होतात. त्या चिरेवरून जो कोणी ट्रॅक जातो, त्याचा परतीचा करंट खालून सरळ येऊ शकत नाही, लांबून वळसा घालतो. तो वळसा म्हणजे लूप अँटेना. आणि ती चीर स्वतः पुरेशी लांब असली तर स्लॉट अँटेना. वर प्राध्यापकांनी सांगितलेली खाच मुद्दाम मोजून मारलेली असते, ही नकळत पडते.

शिवाय इथे तर ग्राउंड प्लेन अँटेनाचा अर्धा भाग आहे. तो कापला की अँटेनाचीच लांबी बदलली, मॅचिंग गेलं.

एकच अखंड प्लेन. त्यावर वस्ती नीट वसवा: अँटेना एका टोकाला, रेडिओ त्याच्याजवळ, मग प्रोसेसर, आणि कन्व्हर्टर व बाहेरच्या वायरी शक्य तितक्या लांब. करंट आपापल्या लूपमध्येच फिरतो, त्याला लूप लहान करून द्या म्हणजे तो भटकत नाही. चार थर परवडत असतील तर वरच्या थराखाली लगेच ग्राउंड. कडेने व्हाया (थर जोडणारी तांब्याची भोकं) टाका. २.४ गिगाहर्ट्झसाठी एफआर-४ मधल्या तरंगलांबीचा विसावा भाग धरला तर ३ मिमीवर एक येतो. ८६६ ला ८ मिमी चालेल, पण व्हायाला वेगळे पैसे पडत नाहीत, ३ च ठेवा.

---

भोसरी_एमआयडीसी

पटलं असं लगेच म्हणणार नाही, पण पुढच्या बोर्डावर एक अखंड प्लेनचा नमुना काढून मोजतो.

विषय निघालाच आहे तर माझंही विचारतो. गाडीत बसवायचा ट्रॅकर आहे, एआयएस १४० वाला (गाडीतल्या ट्रॅकरचं भारतीय मानक), नाविक (आपली भारतीय उपग्रह-दिशादर्शन यंत्रणा) आणि जीपीएस दोन्ही लागतं. जीपीएस ठीक, सिग्नल नॉइजच्या तुलनेत ४३-४४ डीबी-हर्ट्झ. नाविकचे उपग्रह मात्र ३२-३३ च्या वर जात नाहीत. मॉड्यूलवाला म्हणतो अँटेना बदला, अँटेनावाला म्हणतो मॉड्यूल बदला. प्रोसेसरला २४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे.

---

जुना_हॅम

नाविकचा एल५ सिग्नल ११७६.४५ मेगाहर्ट्झला असतो. २४ ला ४९ ने गुणा.

---

भोसरी_एमआयडीसी

११७६. 😳

---

जुना_हॅम

केंद्रापासून ०.४५ मेगाहर्ट्झ. आणि नाविकच्या नागरी कोडचा मुख्य लोब (सिग्नलचा मधला फुगवटा) केंद्राच्या दोन्ही बाजूंना १.०२३ मेगाहर्ट्झ पसरलेला. थेट अंगणात येऊन बसलाय. माझा संशय तिथेच आहे, पण मोजून खात्री करा.

असंच २५ मेगाहर्ट्झचं. इथरनेटच्या चिपला तो लागतोच. २५ गुणिले ६३ म्हणजे १५७५, आणि जीपीएस १५७५.४२ ला. ६३ वा हार्मोनिक ऐकून लोक हसतात. जमिनीवर जीपीएस पोचतं तेव्हा -१३० डीबीएम असतं. २ मेगाहर्ट्झमधला नुसता उष्णतेचा नॉइजच -१११ असतो, सिग्नल त्याच्याही १९ डीबी खाली. एवढ्या खोल ६३ वा हार्मोनिकही उपद्रवी ठरतो.

बघायला महाग यंत्र लागत नाही. टीव्हीचं यूएसबी डोंगल, जे एसडीआर (सॉफ्टवेअरवाला रेडिओ) म्हणून वापरतात, ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतं. जाड कोअ‍ॅक्सच्या टोकाला १ सेमीचं वळं करून बोर्डावर फिरवा. ११७६.० ला रेघ कुठे जाड होते ते बघा: क्रिस्टलपाशी, मेमरीच्या ट्रॅकवर, की एखाद्या रिबन केबलवर. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा केबल. फक्त डोंगल आणि लॅपटॉप स्वतः गोंगाट करतात, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर, आणि आधी बोर्ड बंद ठेवून एकदा बघून घ्या.

---

लेआउटवाली

भर घालते. क्लॉक बाहेर जातो त्या पिनला चिकटून २२ ते ३३ ओहमचा रेझिस्टर, मालिकेत. कडा थोड्या बोथट होतात आणि वरचे हार्मोनिक्स पडतात. प्रोसेसरच्या पिनची ड्राइव्ह स्ट्रेंग्थ सॉफ्टवेअरमधून कमी करता येत असेल तर ते आधी करा, फुकट आहे. डिस्प्लेची फ्लॅट केबल अँटेनाखालून जात असेल तर तिची दिशा बदला.

नाविकचा एस बँड वापरायचा विचार कोणी करत असेल तर सावध. तो २४९२ च्या आसपास आहे आणि वाय-फायचा पट्टा २४८३.५ ला संपतो. त्याच पेटीत वाय-फाय असेल तर शेजार फारच जवळचा.

---

खोडदकर

वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. आमच्या गावातच जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, १४ मध्यभागी आणि बाकीच्या वाय आकाराच्या तीन हातांवर. राष्ट्रीय विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात, तेव्हा जाणकार माणसांशी बोलायला मिळतं. त्यांचं निम्मं भांडण याच प्रकाराशी असतं. मोबाइलचे टॉवर तर आहेतच, पण विजेच्या तारांवर इन्सुलेटरपाशी उडणाऱ्या ठिणग्यांचाही त्रास होतो. तो असा पसरट असतो की फिल्टर लावून जात नाही, आलेल्या डेटामधून हुडकून काढावा लागतो. ताई वर म्हणाल्या तेच, त्याच फ्रीक्वेन्सीवर बसलेला पाहुणा.

त्यांचे वरचे पट्टे साधारण ५५० ते ८५० आणि मग १०५० ते १४५० च्या आसपास आहेत. द्राक्षवाल्यांचा ८६६ नेमका मधल्या फटीत पडतो. भोसरीवाल्यांचा ११७६ मात्र थेट पंगतीत.

---

शंकासुर

म्हणजे भोसरीवाल्यांनी बोर्ड खोडदला नेऊन मोजावा. तीस तबकड्या आहेत, एखादी देतील.

---

द्राक्षवाला_दिंडोरी

मोजमाप घेऊन आलोय. सगळं भर उन्हात, त्याच बोर्डावर, एकेक बदल करून:

सुरुवात -१०१.

पॅनलच्या वायरीवर पेटीच्या तोंडाशी फेराइट. आधी घरात होते ते काळे क्लिप लावले, काहीच फरक नाही. जुन्या_हॅम काकांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितलं की ते मिश्रण ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच कामाचं, वरच्या भागाला ६१ नंबर लागतं. ते मिळवून लावले: -१०५.

चार्जर मॉड्यूल बोर्डाखालून काढून पेटीच्या दुसऱ्या टोकाला, बॅटरीच्या वायरी पिळून, आणि पॅनलच्या दोन्ही वायरींपासून ग्राउंडला अगदी आखूड पायांचे सिरॅमिक कॅपॅसिटर: -१०९.

मग मॉड्यूलच बदललं. जुन्यावर उघड्या ड्रमची कॉइल होती आणि इनपुटचा कॅपॅसिटर स्विचपासून बराच लांब. लेआउटवाली ताईंनी आकृती तपासून दिली, त्यावरून छोटा बोर्ड काढला: शील्ड असलेली कॉइल, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक चिपच्या पिनांना चिकटून, स्विच चालू करणाऱ्या बूट कॅपॅसिटरबरोबर मालिकेत ४.७ ओहम. आता -११३.

दीडच्या पलीकडचे नोड दुपारीही येतायत. अडीचचा येतो, तीनचा येतो-जातो.

एक हिशोब जुळला म्हणून सांगतो. मोकळ्या हवेत १३ डीबी म्हणजे साडेचार पट अंतर, तसं असतं तर तीन किलोमीटरचे जेमतेम पावणेसातशे मीटर व्हायला हवे होते. प्रत्यक्षात दीड किलोमीटर झाले. जमिनीजवळ, बागेच्या छतावरून सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने उतरतो असं धरलं की १३ डीबीला बरोबर दुप्पट येते.

---

माळरान

शेवटच्या ४.७ ओहमचा तोटा काय? फुकट तर नसणार.

---

लेआउटवाली

फुकट नाही. स्विच हळू पलटतो, पलटताना जास्त तापतो. एवढ्याशा रेझिस्टरने फार नाही, पण उन्हात बंद पेटीत चिपला हात लावून बघायलाच हवं. १० ओहमच्या वर मी सहसा जात नाही.

आणि बोर्ड बनवणाऱ्याला लेखी कळवा की अँटेनाच्या मोकळ्या जागेत कोणत्याही थरात तांबं नको. तांब्याचा समतोल राखायला काही फॅब्रिकेटर रिकाम्या जागेत ठिपके भरतात, न विचारता. छापील अँटेनाच्या पोटात ठिपके आले की जुळवलेली फ्रीक्वेन्सी खाली सरकते आणि माणूस मॅचिंगचे पार्ट बदलत बसतो.

---

द्राक्षवाला_दिंडोरी

कळवतो. आता राहिले शेवटचे तीन-चार डीबी. रात्रीसुद्धा -११४ च आहे, -११७ नाही. ५० ओहम लावला की -११६, म्हणजे हे अँटेनातूनच येतंय. पण पॅनल नाही, मॉड्यूलही नाही.

---

जुना_हॅम

पंपाच्या खोलीवरून मोबाइलचा टॉवर दिसतो का?

---

द्राक्षवाला_दिंडोरी

दिसतो. चारेकशे मीटरवर आहे, रस्त्याच्या पलीकडे.

---

जुना_हॅम

मग बहुधा तोच. आपला लोराचा पट्टा ८६५ ते ८६८. मोबाइलच्या बँड ५ चे टॉवर बोलतात ८६९ ते ८९४. एक मेगाहर्ट्झचं कुंपण आहे फक्त. टॉवर त्याच्या नियमात आहे, तुम्हीही तुमच्या नियमात आहात, पण त्याचा आवाज इतका मोठा की तुमच्या रिसीव्हरचं पुढचं टोक दबतं, आणि त्याच्या पट्ट्याबाहेर सांडणारा थोडा नॉइजही तुमच्यात येतो.

चॅनल कोणता?

---

द्राक्षवाला_दिंडोरी

८६६.५५.

---

जुना_हॅम

भारतातल्या लोराच्या ठरलेल्या चॅनलांपैकी ८६५.०६२५ वर या. कुंपणापासून आणखी दीड मेगाहर्ट्झ लांब. नोडचं सॉफ्टवेअर बदलायला बागेत फिरावं लागेल, त्याला इलाज नाही. एवढ्या जवळच्या शेजाऱ्याला साधा सॉ फिल्टर (चिपएवढा तयार फिल्टर) फारसा कापत नाही, ८८० च्या पुढचं चांगलं कापतो. खरं कापायचं तर कॅव्हिटी फिल्टर, डब्याएवढा आणि महाग. तो लावायचा तर छापील अँटेना सोडून केबलवाला अँटेना आलाच. तीन डीबीसाठी मी नसता लावला.

त्याआधी फुकटची गोष्ट: पेटी पाइपावर फिरवून बघा. असल्या छोट्या बोर्डाला फार दिशा नसते, पण एखाद्या बाजूला तो कमी ऐकतो. ती बाजू टॉवरकडे करा. लोखंडी पाइप अँटेनापासून हातभर लांब घेतलात तर आणखी बरं, तो किती जवळ आहे त्यावर मॅचिंगही हलतं.

---

भोसरी_एमआयडीसी

माझ्याकडचा निकाल. वळं फिरवलं, ११७६.० ला रेघ होतीच, सगळ्यात जाड मेमरीच्या ट्रॅकवर आणि डिस्प्लेच्या केबलवर. ड्राइव्ह स्ट्रेंग्थ एक पायरी खाली, केबल दुसऱ्या बाजूने. नाविक ३३ वरून ३९-४०. अँटेनाही तोच, मॉड्यूलही तेच. दोघांनाही फोटो पाठवलेत.

अखंड प्लेनवाला नमुना फॅब्रिकेशनला गेलाय. आला की इथेच आकडे टाकतो, माझ्या विरुद्ध गेले तरी.

---

द्राक्षवाला_दिंडोरी

पेटी फिरवली आणि आडवा हात लावून पाइपापासून लांब घेतली. टॉवर अँटेनाच्या टोकाकडून येईल अशी ठेवल्यावर -११५. चॅनल छाटणीची कामं उरकल्यावर बदलेन, तेव्हा गडी मोकळे असतात आणि प्रत्येक नोडपाशी जाणं जमतं.

नव्या चार्जरची चिप दुपारी दोनला हात लावून पाहिली, बोट टिकतं. आकृती आणि बोर्ड बनवायची गर्बर फाइल ज्यांना हव्यात त्यांनी व्यनि करा.